मिग-२१ च्या प्रतिकृतीवर उघड्या पत्र्याचे रूप : मुंबईच्या हवेत कोणती पद्धत वापरावी?

गिरगावकर

नमस्कार. मी अनेक वर्षे १/७२ प्रमाणातील विमानांच्या प्रतिकृती बांधतो आहे, परंतु आजवरची माझी जवळजवळ सगळी विमाने हिरव्या-तपकिरी कॅमोफ्लाजमधली आहेत. या वेळी भारतीय हवाई दलाचे मिग-२१ एफएल हाती घेतले आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओझरच्या कारखान्यात हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ही विमाने बांधायला सुरुवात केली तेव्हा ती जशी दिसत तशी, कॅमोफ्लाज नसलेल्या उघड्या पत्र्याच्या रूपात मला ही प्रतिकृती करायची आहे. एफएल हा प्रकार २०१३ साली सेवेतून गेला आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ ची उरलेली विमानेही निवृत्त झाली. त्यामुळे या विमानाचे आपल्याकडचे सुरुवातीचे रूप विश्वासार्ह रीतीने दाखवावे, अशी मनापासून इच्छा आहे.

माझी खरी अडचण जागेची आणि हवेची आहे. चाळीतल्या दोन खोल्यांपैकी मागच्या खोलीत, खिडकीला लागून माझे टेबल आहे. ०.३ मिलिमीटर तोंडाचा एअरब्रश आणि टाकी असलेला एक लहान कॉम्प्रेसर आहे. शेजारी वृद्ध मंडळी राहत असल्यामुळे थिनरचा वास गॅलरीत फार वेळ राहू नये याची काळजी घ्यावी लागते. लॅकर प्रकारातला रुपेरी रंग प्लॅस्टिकच्या चमच्यांवर मारून पाहिला, तेव्हा एका चमच्यावर रंगाचा पोत वाळूसारखा रवाळ आला, आणि आभाळ भरून आलेल्या एका संध्याकाळी मारलेल्या दुसऱ्या चमच्यावर पांढरट झाक धरली. दोन्ही वेळा रंग, थिनर आणि हवेचा दाब तोच होता.

मला विचारायचे आहे ते असे : खाली चकचकीत काळा रंग देणे खरोखर आवश्यक आहे का, पाण्यावर आधारित रंगांनी पत्र्याचा परिणाम साधतो का, आणि पावसाळा संपेपर्यंत हे काम बाजूला ठेवणेच योग्य ठरेल का? ज्यांनी मुंबईतच, घरच्या घरी असे काम केले आहे त्यांचे अनुभव वाचायला विशेष आवडतील.

मुलुंडकर

आपल्या दोन चमच्यांवरचे दोन दोष वेगवेगळ्या कारणांनी आलेले आहेत, त्यामुळे त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पांढरट झाक हवेतील दमटपणामुळे येते. लॅकरमधले द्रावक फार वेगाने उडते आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते. पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली थंड झाला की हवेतले बाष्प त्या ओल्या थरावर बसते, वाळणाऱ्या रंगात अडकते आणि रंग दुधाळ दिसू लागतो. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि तेव्हापासून सप्टेंबर संपेपर्यंत सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर राहते, त्यामुळे आपल्याला हा दोष ठाण्याच्या खाडीपासून कुलाब्यापर्यंत कुठेही भेटतो. काळ्या अस्तरावर अशी झाक आली, तर मिस्टर लेव्हलिंग थिनरसारखे सावकाश उडणारे थिनर अगदी हलके फवारून ती घालवता येते, कारण थर पुन्हा विरघळतो आणि अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळतो. रुपेरी थरावर मात्र हा उपाय करू नये. तो थर विरघळला की त्यातले ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे जागचे हलतात आणि सगळी तकाकी जाते.

रवाळपणाचे मूळ याच पापुद्र्यांत आहे. ते पृष्ठभागावर आडवे, एकमेकांवर थोडे चढून निजले तर प्रकाश एका दिशेने परततो आणि डोळ्यांना पत्रा दिसतो. रंगाचा हात जाड बसला तर पापुद्रे ओल्या थरात तरंगत उभे-आडवे कसेही वाळतात. एअरब्रश फार लांब धरला, तर थेंब वाटेतच अर्धे वाळून कोरडी भुकटी पृष्ठभागावर बसते. आपल्या चमच्यावर यांपैकी काय झाले ते भिंगातून लगेच कळेल : भुकटी बसली असेल तर ती बोटाने थोडी निघते, जाड थर असेल तर काहीच निघत नाही आणि रंग करडा दिसतो. ॲलक्लॅडसारखे खास धातूचे लॅकर मी १२ ते १५ पीएसआय दाबावर, एअरब्रश पृष्ठभागाच्या बऱ्यापैकी जवळ आणि सतत हलता ठेवून मारतो. पहिल्या हातानंतर खालचा काळा रंग सरळ दिसत राहतो आणि तो दिसायलाच हवा. असे पातळ हात एकावर एक चढत गेले की काळेपणा हळूहळू मिटतो, आणि जेमतेम मिटला की तिथेच थांबायचे. त्यानंतरचा प्रत्येक हात चकाकी कमीच करतो.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. आरशासारखी झिलई देणाऱ्या लॅकरना चकचकीत काळे अस्तर लागतेच, कारण तो थर इतका पातळ असतो की त्याची चमक ही खरे तर खालच्या पृष्ठभागाची चमक असते. साध्या ॲल्युमिनियमच्या छटेला मात्र बारीक करडे अस्तरही पुरते. मिगसाठी मी या दोहोंचा उपयोग करून घेतला असता. संपूर्ण विमानावर काळे अस्तर द्यावे, काही निवडक पॅनेलवर त्याच काळ्या रंगात थोडा करडा मिसळून मारावा, आणि मग एकच रुपेरी रंग सर्वत्र सारखा फवारावा. खालचा फरक वरच्या थरातून हलकेच जाणवतो आणि पत्र्याचे तुकडे वेगवेगळे दिसतात. यात एकदाही रुपेरी रंगावर टेप लावावी लागत नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ आहे.

अस्तरासाठी लॅकर प्रकारातलाच रंग घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पाण्यावर आधारित प्रायमर प्लॅस्टिकला तितके घट्ट धरत नाहीत आणि टेप काढताना त्यांचा पापुद्रा सोलून येण्याचा धोका अधिक असतो. मिस्टर फिनिशिंग सरफेसर १५०० काळ्या रंगात मिळतो. तो मारून पूर्ण वाळल्यावर बारीक पॅडने घासला की साटिनसारखा गुळगुळीत होतो, आणि सेवेतल्या विमानाला तेवढी झिलई पुष्कळ झाली.

परंतु या सर्वांच्या आधीचे घासकाम जर मनासारखे झाले नसेल, तर वरच्या कोणत्याही रंगाला दोष देता येणार नाही. कॅमोफ्लाजचा जाड, मॅट रंग बरेच काही पोटात घेतो. रुपेरी रंग काहीही पोटात घेत नाही, उलट नुसत्या डोळ्यांना न दिसलेला ओरखडा उजेडात आणून ठेवतो. मिगच्या धडाचे दोन अर्धे भाग जिथे जुळतात, तो पाठीवरचा आणि पोटावरचा सांधा हे या प्रतिकृतीतले सर्वांत कठीण ठिकाण आहे. तिथे नेहमीची पुट्टी भरू नये. ती प्लॅस्टिकपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते, रंग शोषून घेते, आणि काही आठवड्यांनी त्या जागी सांध्याची सावली पुन्हा उमटते. त्याऐवजी फेविक्विक भरावे आणि ते दगडासारखे कडक होण्याआधी, त्याच बैठकीत घासून घ्यावे. वॉटर पेपर पाण्यात भिजवून ८०० पासून १५०० आणि २००० पर्यंत जावे, मग पॉलिशिंगच्या कापडांनी ओरखडे संपवावेत. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलली, तर आधीच्या टप्प्याचे ओरखडे राहिले आहेत का ते ओळखता येते. विजेरीचा झोत पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून पाहिल्यावर सांधा दिसला नाही, तर तो झाला असे समजावे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे एन.सी. थिनर या प्लॅस्टिकवर पुसायलासुद्धा वापरू नये, ते पृष्ठभाग खाते.

कॉम्प्रेसरबद्दल एक गोष्ट. दमट हवा दाबली की तिच्यातले पाणी टाकीत आणि नळीत साचते आणि नेमके रुपेरी रंगाच्या वेळी थेंबाच्या रूपाने बाहेर उडते. काम सुरू करण्यापूर्वी टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी काढावे, आणि मॉइश्चर ट्रॅप (हवेतले पाणी अडवणारी गाळणी) कॉम्प्रेसरला न लावता एअरब्रशच्या दांड्याजवळ लावावा, म्हणजे नळीत थंड झालेले पाणीही अडते.

पावसाळ्यात थांबावे का, या प्रश्नाला माझे उत्तर लॅकरपुरते होकारार्थी आहे. बंद खोलीत वातानुकूलन लावून हवा कोरडी करता येते, परंतु त्याच बंद खोलीत लॅकर फवारणे आरोग्याला घातक आहे. वाफ बाहेर काढण्यासाठी पंखा लावला, तर तो बाहेरची दमट हवा आत ओढतो. हा पेच दोन खोल्यांच्या घरात सुटत नाही. साधा आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. काटा ६० च्या खाली असेल तेव्हाच मी रुपेरी लॅकर उघडतो, आणि तशा दुपारी मुंबईत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सहज मिळतात. तोवर घासकाम पुरवून पुरवून करता येईल. लॅकर केव्हाही मारा, सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क घातल्याशिवाय मारू नका. कापडी किंवा धुळीसाठीचा मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही.

पार्लेकर

मुलुंडकरांचे घासकामाविषयीचे म्हणणे अक्षरशः खरे आहे, परंतु नोव्हेंबरपर्यंत थांबण्याखेरीज आणखी दोन मार्ग आहेत, ते इथे नोंदवतो.

पहिला मार्ग पाण्यावर आधारित धातुरंगांचा. व्हॅलेहो कंपनीचे मेटल कलर एअरब्रशमधून थिनर न घालता मारता येतात, वास जवळजवळ नसतो आणि दमट हवेत ते दुधाळ होत नाहीत. पावसाळ्यात प्रत्येक हात वाळायला अधिक वेळ द्यावा लागतो, एवढेच. आरशाची झिलई त्यांना येत नाही, पण मिगला ती नकोच आहे. शेजारच्या वृद्ध मंडळींचा विचार करता आपल्यासाठी हाच मार्ग सोयीचा आहे, असे मला वाटते. अस्तराचे लॅकर तेवढे एखाद्या कोरड्या दुपारी उरकून घ्यावे लागेल.

दुसरा मार्ग माझा आवडता असून त्याला हवामानाशी काही देणेघेणे नाही. खऱ्या धातूचा वर्ख! बेअर-मेटल फॉइल या नावाने मिळणारा वर्ख अतिशय पातळ असतो आणि त्याच्या मागे गोंद असतो. पॅनेलपेक्षा थोडा मोठा तुकडा कापून, कागदावरून सोडवून, पृष्ठभागावर अलगद टेकवायचा. मग मधून कडांकडे कापसाच्या बोळ्याने दाबत जायचे. सुरकुती पडू लागली तर त्या बाजूची कड उचलून पुन्हा बसवायची. सगळीकडे चिकटला की टूथपिकच्या बोथट टोकाने पॅनेलच्या रेषेत तो खोल बसवायचा आणि नव्या कोऱ्या पात्याने त्या रेषेतूनच कापायचा. पाते जरा बोथट झाले की वर्ख कापला न जाता फाटतो, म्हणून इथे पात्यांची काटकसर करू नये. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइलही वापरता येतो, फक्त त्याला मायक्रोस्केलचा वर्खासाठीचा गोंद मागून लावावा लागतो. तो लावताना दुधाळ असतो आणि पारदर्शक झाला की चिकटवायला तयार होतो. हा फॉइल जाडसर असल्यामुळे सपाट पंखांवर उत्तम बसतो, मिगच्या नाकाजवळच्या दुहेरी वळणावर मात्र त्रास देतो.

रंगाला न साधणारी एक गोष्ट वर्खाला साधते. कारखान्यात लाटून काढलेल्या पत्र्याला लाटण्याच्या दिशेने एक बारीक धार, म्हणजे सूक्ष्म रेघांचा पोत, असते आणि विमानावर शेजारशेजारच्या पत्र्यांची धार वेगवेगळ्या दिशेने जाते. घरातल्या ॲल्युमिनियमच्या डब्याचे झाकण उजेडात फिरवून पाहिले, तर ते एका कोनात उजळते आणि दुसऱ्या कोनात मंद होते, तसेच हे पत्रे वागतात. वर्खाचा एक तुकडा उभा आणि शेजारचा आडवा लावला, तर रंगात काडीचाही फरक न करता हा परिणाम मिळतो. त्यावर अगदी बारीक पॅड एकाच दिशेने हलके फिरवले की तो अधिक ठळक होतो. १/७२ प्रमाणात संपूर्ण विमान वर्खाने मढवणे फार चिकाटीचे काम आहे हे मान्य, पण पंख आणि उभे शेपूट वर्खाचे व धड रंगाचे, अशी विभागणी केली तरी पुष्कळ साधते.

गिरगावकर

आपणा दोघांचे मनापासून आभार. चमचा भिंगाखाली पाहिला : बोटाने खरोखर भुकटी निघते, म्हणजे एअरब्रश लांब धरला जात होता. धडासाठी पाण्यावर आधारित रंग आणि पंखांसाठी वर्ख, असा विचार आता पक्का होतो आहे. आणखी दोन शंका आहेत. रुपेरी पृष्ठभागावर डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) लावल्यावर त्यांची पारदर्शक कड दिसेल का, आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, द्यावा की देऊ नये? शिवाय रंग आणि वर्ख शेजारीशेजारी आल्यावर ते दोन वेगळ्या विमानांचे भाग वाटणार नाहीत ना?

दादरकर

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर खऱ्या विमानांत आहे. रुपेरी दिसणारे प्रत्येक विमान सगळीकडे उघड्या पत्र्याचे नसते आणि एकाच विमानावरचे सगळे भाग सारखे नसतात. अमेरिकेच्या पी-५१ मस्टँगचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. तिचे धड उघड्या पत्र्याचे होते, परंतु हवेचा प्रवाह पंखावर सुरळीत राहावा म्हणून पंखाच्या पुढच्या भागातले रिव्हेट आणि सांधे कारखान्यातच पुट्टीने बुजवत आणि त्यावर ॲल्युमिनियमचा रंग मारत. म्हणून चमकते धड आणि त्या मानाने मंद, एकसारखे पंख हेच तिचे खरे रूप होते, आणि तिचे संपूर्ण विमान आरशासारखे चकचकीत करणारे प्रतिकृतिकार कितीही कुशल असले तरी एक चुकीचे विमान बांधतात. पत्रे पाहिले, तर विमानात वापरल्या जाणाऱ्या कणखर मिश्रधातूवर गंजापासून संरक्षणासाठी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो आणि तो उजळ दिसतो. ओतीव किंवा ठोकून घडवलेल्या भागांवर असा थर नसल्यामुळे त्यांची छटा वेगळी पडते. तेव्हा रंग आणि वर्ख यांतला थोडा फरक चालून जाईल, फक्त तो खऱ्या पॅनेलच्या सीमेवर यावा, मध्येच कुठेतरी येऊ नये.

मिगच्या बाबतीत मागचा भाग पुढच्यापेक्षा वेगळा दाखवावा. इंजिन बाहेर काढण्यासाठी या विमानाचे धड पंखांच्या मागच्या बाजूला दोन भागांत सुटते. त्या सांध्यामागे, आफ्टरबर्नरच्या (इंजिनाच्या मागच्या टोकाला जादा इंधन जाळणाऱ्या भागाच्या) आसपास, उष्णतेने पत्रा मंद आणि किंचित पिवळट-करडा होतो. तिथे रुपेरी रंगात थोडी गडद छटा मिसळून आधीच मारावी. तेलरंगाच्या तपकिरी-निळ्या छटा वरून फिरवण्याचा मोह इंजिनाच्या तोंडापुरताच ठेवावा. संदर्भासाठी त्या काळातील छायाचित्रे वापरावीत. चौकांत आणि संस्थांच्या आवारांत उभी केलेली विमाने ऊनपावसापासून जपण्यासाठी वेळोवेळी रंगवली जातात, त्यांवरून पत्र्याची छटा ठरवता येत नाही.

डिकॅलची कड मॅट पृष्ठभागावर दिसते, कारण खाली हवा अडकते. आपला रुपेरी पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर हवा अडकायला जागाच नसते आणि आधी क्लिअर कोट देण्याची आवश्यकता उरत नाही. मात्र पारदर्शक फिल्म स्वतः थोडी पिवळसर किंवा मंद असेल, तर धातूवर ती अन्य कोणत्याही रंगापेक्षा स्पष्ट दिसते. म्हणून केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळचिन्हांच्या बाहेरची फिल्म छपाईच्या कडेपर्यंत कापून टाकावी. वर्तुळ कापणे सोपे जाते, क्रमांकांचे आकडे कापायला संयम लागतो, तरीही ते कापावेत. डिकॅल मऊ करणारी द्रावणे काही धातुरंगांवर डाग पाडतात, तेव्हा आधी चमच्यावर एक नको असलेले डिकॅल लावून पाहावे आणि विमानावर शक्यतो नुसते पाणीच वापरावे.

क्लिअर कोटबाबत लोकांत दोन मते आहेत. क्लिअर कोट दिला की धातूची चमक थोडी तरी उतरते आणि तो रंग ‘रंगासारखा’ दिसू लागतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. म्हणून वर्खावर आणि उघड्या पत्र्याच्या भागांवर मी तो देत नाही. डिकॅल जिथे आहेत त्या संपूर्ण पॅनेलपुरता, पॅनेलच्या रेषेपर्यंत टेप लावून, पाण्यावर आधारित चकचकीत क्लिअर एक पातळ हात मारतो. लॅकरचा क्लिअर धातुरंगाच्या लॅकरवर मारला, तर खालचे पापुद्रे हलतात, तो टाळावा. टेप लावण्यापूर्वी ती काचेवर एक-दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करून घ्यावा, आणि काढताना ती स्वतःवरच मागे दुमडत, पृष्ठभागाशी लहान कोन ठेवून हळू काढावी.

एक क्रम मात्र आत्ताच ठरवून टाका, कारण नंतर तो बदलता येत नाही. नाकातला शंकू आणि उभ्या शेपटाचे टोक हे भाग धातूचे नसतात. रडार आणि रेडिओच्या लहरी आरपार जाव्यात म्हणून ते अविद्युतवाहक साहित्याचे केलेले असतात आणि त्यांवर रंग असतो. नेहमीच्या सवयीने आपण आधी मोठा भाग रंगवतो आणि असे लहान भाग शेवटी करतो. इथे नेमके उलटे करावे. शंकू वेगळाच ठेवता येत असेल तर तो स्वतंत्र रंगवावा, शेपटाचे टोक आधी रंगवून पूर्ण वाळू द्यावे, त्यावर टेप लावावी, आणि मग काळे अस्तर व रुपेरी रंग मारावा. अशाने टेप साध्या रंगावर बसते आणि धातूला तिचा स्पर्शही होत नाही. रुपेरी रंग चढल्यावर विमान उघड्या हाताने धरू नये. आपल्याकडच्या घामट बोटांचे ठसे पाण्यावर आधारित धातुरंगावर पुसले तरी जात नाहीत, म्हणून सुती हातमोजे घालून किंवा इंजिनाच्या तोंडात काठी बसवून, तिला धरूनच पुढचे सगळे काम करावे.